हरण्याची डिग्री

(ओतूरच्या पेठेतलं बैलांच्या साजाचं दुकान. भादवी पोळा तोंडावर आलाय. गल्ल्यावर दलीचंदशेठ, खाली बैठकीवर गोंडे ओवत बसलेली त्यांची सून, थोरल्या पारसची बायको चेतना, आणि पायरीवर पिंपरी पेंढारचे भिमाजी.)

भिमाजी : आता हे सांगून कुणाला खरं वाटायचं नाय शेठ, म्हणून मी कुणाला सांगतबी नाय. तुमी इचारलं म्हणून सांगतो.

दलीचंद : मी काही विचारलं नाही.

भिमाजी : मनात इचारलं. तर आमचा हरण्या बैल कॉलेजात लागला.

चेतना : कुठल्या कॉलेजात, बाबा?

भिमाजी : फोनवरच्या. लागला काय, पासबी झाला. पयला वर्ग.

दलीचंद : भिमाजी, संवत्सरी आत्ता कुठे झाली. साऱ्या पेठेत हात जोडून क्षमा मागून आलो मी. लगेच तुमचं हे ऐकायचं, तर पाप कुणाच्या खात्यावर?

भिमाजी : ऐकणाऱ्याच्या निम्मं. चहा पाजला तर पाव.

दलीचंद : चेतना, चहा सांग. आणि पेठेत काम होतं तर शौर्यला पाठवायचं ना. तुम्ही कशाला उन्हातनं आलात? नातू पेढे देऊन गेला मागे, तो काही परत फिरकला नाही.

भिमाजी : त्याला कामं हायत. टोमॅटोला सुतळ्या बांधायच्यात. तर हरण्याचं सांगत व्हतो.

दलीचंद : थांबा जरा. आमचं मघाचं अर्धं राहिलंय. चेतना, पारसचा मंचरहून फोन होता. चारच्या सुमाराला त्या कॉलेजवाल्यांचा फोन येईल. हो म्हणून टाक. एक वर्षात बी.कॉम., घरबसल्या, डिग्री पोस्टानं दारात. विषय संपला.

चेतना : नाही संपला, पप्पा. मी हो म्हणणार नाहीये.

दलीचंद : आता काय राहिलं? तूच म्हणालीस, अर्धवट सुटलेलं पुरं करायचंय. मी म्हटलं, कर. घरात कुणी नाही म्हणालं? तुझी सासू सुंदरबाईसुद्धा नाही म्हणाली नाही.

चेतना : मम्मी हो पण नाही म्हणाल्या.

दलीचंद : तिचं तेच हो असतं.

चेतना : मला सरकारी विद्यापीठाचं करायचंय. तेही ऑनलाइनच आहे. लेक्चर फोनवर, पुस्तकं फोनवर. फक्त तीन वर्षं लागतील, आणि परीक्षेला जुन्नरच्या केंद्रावर जाऊन बसायचं.

दलीचंद : तीन वर्षं कुठे आणि एक वर्ष कुठे. माल एकच ना? बी.कॉम. तेही आणि बी.कॉम. हेही.

चेतना : फक्त चिठ्ठीवरचं नाव एकच आहे.

भिमाजी : शेठ, हे एक वर्साचं म्हणताय ना, तेच आमच्या हरण्याचं कॉलेज.

दलीचंद : तुमचा बैल आणि माझी सून एका वर्गात घालू नका, भिमाजी.

भिमाजी : घालत नाय वं. कसा लागला तेवढं ऐका. मी हिरीवर बसलोय, आणि फोन आला. मॅडम. आवाज असा, जनू गुळाची ढेप फुटली. म्हणाली, सर, आपके घर में किसी को डिग्री चाहिए? मी म्हटलं, हाय एक. नाव? हरण्या भिमाजी. शिक्षण? म्हटलं नांगर, कुळव, पाभर, तिन्ही येतं. म्हणाली, व्हेरी गुड सर. अनुभव? नऊ वर्सं, दिवाळीची सुट्टी नाय. मग म्हणाली, शिक्षण मधीच का सुटलं? म्हटलं, वेसण घातली तवा सुटलं.

चेतना : माझंही तेव्हाच सुटलं, बाबा.

दलीचंद : चेतना.

चेतना : मी गमतीनं म्हणाले, पप्पा. संगमनेरला सेकंड इयरला होते, लग्न ठरलं. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, परीक्षा देऊन ये. मुहूर्त आधीचा निघाला.

दलीचंद : मुहूर्त काय मी काढतो?

भिमाजी : मॅडम म्हणाली, कोई बात नहीं. नऊ वर्साचा अनुभव धरून देतो, एकाच वर्सात उरकू. मी म्हटलं, दाखला कंचा पाठवू? म्हणाली, आधी सीट पक्की करा, दाखल्याचं बगू.

चेतना : हे बघा. हे मात्र बाबा खरं बोलले.

दलीचंद : ह्यांच्या तोंडात खरं?

चेतना : मलाही तेच म्हणाले. तुमची जुनी दोन वर्षं धरून देतो, एका वर्षात उरकेल. मी त्यांना मार्कशीट दाखवलीच नव्हती, पप्पा. पास आहे का नापास, हे न विचारता वर्षं धरून देतायत.

दलीचंद : गिऱ्हाईक चांगल्या घरचं आहे म्हटल्यावर विश्वास ठेवला असेल.

भिमाजी : हरण्यावरबी लई इस्वास. फोटू मागितला, पांढऱ्या भिंतीपुढं. आता आमच्याकडं पांढरी भिंत मारुतीच्या देवळाची. नेला. तर कान दोन्ही दिसले पायजेत असा नियम. ह्याचा एक कान माशीला हालतोय. दोन पोरं कान धरून बसवली. सहीला खूर शेणात बुडवून कागदावर उमटवला. मॅडमनी फोन केला, म्हणाली, सर का साइन बहुत स्ट्राँग है.

चेतना : आणि इंटरव्ह्यू?

भिमाजी : झाला की. फोन दावणीला बांधला. जे इचारील त्याला हरण्या मान हालवतोय. माशाच तेवढ्या व्हत्या. शेवटाला म्हणाली, काही शंका? तवा हंबरला. म्हणाली, कम्युनिकेशन चांगलं हाय.

दलीचंद : मग लेक्चर कुठे ऐकायचा? उसात?

भिमाजी : उसाच्या कडंला. रेंज तिथंच येतीया. आन बिबट्या उसात बसून ऐकत व्हता रोज. त्याचीबी हजेरी लागली.

दलीचंद : बिबट्याची.

भिमाजी : आता एकाच फोनवर दोगं बसली तर दोगांची लागणार. यंत्राला काय कळतंय.

चेतना : परीक्षा कशी घेतली, बाबा?

भिमाजी : पुस्तक पुढं ठेवून. घरीच. हरण्यानं आधी पुस्तक चाटलं, मग दोन धडे खाल्ले. ते दोन धडे पेपरात आलंच नायत. नशीब म्हणायचं. पयला वर्ग.

चेतना : पप्पा, मी पण विचारलं त्यांना परीक्षेचं. म्हणाले, घरी पुस्तक उघडं ठेवून लिहा, कुणी बघत नाही, आणि राहिलंच काही तर आम्ही बघून घेऊ.

दलीचंद : मग चांगलंच आहे. घर, सिद्धीची शाळा, दुकान, एवढ्यातनं तुला वेळ कुठे आहे? सोपं मिळतंय तर अवघड कशाला घ्यायचं?

चेतना : सोपं नाहीये ते. ते नाहीच आहे. ऑनलाइन पदवी द्यायची परवानगी कुणाला, ते यूजीसीच्या साइटवर दिसतं. दोन वेळा पाहिलं. ह्यांचं नाव त्यात नाही.

दलीचंद : नवीन असेल. लागेल नाव.

चेतना : ते पण हेच म्हणाले. प्रोसेसमध्ये आहे.

दलीचंद : पण तुला त्याचं करायचंय काय? गल्ल्यावर बसायला कुणी डिग्री विचारतंय? कागद फ्रेम करून लावायचा, सिद्धीला दाखवायचा. त्याला एक वर्षवाला पुरतो.

चेतना : गल्ल्यावर नाही विचारत. बँकेच्या परीक्षेला विचारतात.

दलीचंद : बँक?

चेतना : हो.

दलीचंद : हे बँकेचं कधी ठरलं?

चेतना : सिद्धी झाली तेव्हापासून मनात आहे. बोलले आज.

दलीचंद : पारसला माहितीये?

चेतना : त्यांना वाटतं, थोडे दिवस डोक्यात राहील आणि जाईल. म्हणून तर एक वर्षवालं काढून दिलं. खेळणं दिल्यासारखं.

भिमाजी : शेठ, चहा आला. घ्या आधी.

दलीचंद : तुम्ही घ्या. चेतना, फोन वाजतोय तुझा. तेच असतील. उचल. उचल, आणि शहाण्यासारखं बोल.

चेतना : हॅलो... हो, मीच बोलते... नाही, अजून ठरवलं नाही... मॅडम, एक विचारायचं होतं. ह्या डिग्रीवर मला बँकेच्या परीक्षेला बसता येईल का?... नाही, प्रायव्हेट जॉब नाही, बँकेची परीक्षा... येईल? मग तेवढं एक ओळ लिहून मेल कराल का, तुमच्या लेटरहेडवर?... का नाही करता येणार?... बरं. माझे सासरे आहेत शेजारी. त्यांच्याशी बोला.

दलीचंद : मला कशाला? ... हॅलो. हाँ जी, बोलिए... मराठी येतं? बरं झालं. बोला... हो, सून माझी... काय, आजच? आजच का?... शेवटच्या दोन सीट... असं... अजून कमी करता? परवा पारसला वेगळा आकडा सांगितलात... मॅनेजरला विचारून खास आमच्यासाठी... हो... हो... संध्याकाळी सहापर्यंत. बरं. मी सांगतो.

चेतना : काय म्हणाल्या?

दलीचंद : थांब जरा.

भिमाजी : आवाज गुळासारखा हाय का नाय?

दलीचंद : शेवटच्या दोन राहिल्या म्हणाली.

चेतना : मला गेल्या महिन्यात पण दोनच राहिल्या होत्या.

दलीचंद : चेतना, त्या कोपऱ्यातल्या पोत्यात शिंगांच्या पितळी शेंब्यांचे किती जोड आहेत?

चेतना : पोतं भरून आहे. का?

दलीचंद : आणि सकाळी त्या निमगाव साव्याच्या पावण्याला मी काय सांगितलं?

चेतना : शेवटचे दोन जोड राहिलेत म्हणालात.

दलीचंद : मॅनेजर नाही माझ्याकडे, पण मी आत बघून विचारतो ना, सुंदरबाई, पावण्यासाठी काही कमी करू का? आत कुणी नसतं. चाळीस वर्षं करतोय. वडलांनी शिकवलं. आणि ते शेंबीला ठीक आहे. पितळ खोटं नाही माझं. घासून बघा, वाजवून बघा, शिंगावर चढवून न्या. ही बाई वाजवून बघू देत नाही. एक ओळ लिहून मागितली तर नाही म्हणते. आणि भाव उतरवतच चाललीये, न मागता.

भिमाजी : बाजारात न मागता भाव उतरला तर बैल लंगडा असतोय.

दलीचंद : ते मला सांगू नका. तुमचा तर पहिल्या वर्गात आला.

चेतना : मग नाही म्हणून कळवते त्यांना.

दलीचंद : नाही म्हण. पण त्याचा अर्थ जुन्नरला हो, असा नाही.

चेतना : का नाही?

दलीचंद : पेपरच्या दिवशी दुकानात कोण बसेल?

चेतना : मम्मी बसतील. त्यांना शेंब्यांचं माप माझ्याहून चांगलं कळतं. तुम्ही कधी बसवलंच नाही त्यांना.

दलीचंद : जाणार कशी?

चेतना : एसटीनं.

दलीचंद : आणि अभ्यास?

चेतना : दुपारी एक ते तीन गिऱ्हाईक नसतं. तुम्ही आत आडवे होता, मी इथे बसते. इथेच करणार. त्यांची काही लेक्चरं फोनवर फुकट आहेत, गोंडे ओवत ऐकता येतात. करून पाहिलंय महिनाभर.

दलीचंद : म्हणजे मी झोपलो की वर्ग भरतो होय इथे?

चेतना : हो. तुम्ही घोरायला लागलात की हजेरी.

भिमाजी : लई ब्येस.

दलीचंद : हसू नका, भिमाजी. हसण्याचं नाहीये. बघा, संयमला पुण्याला पाठवला शिकायला. धाकटा, हुशार. म्हटलं येईल परत. आता महिन्याला एकदा फोन, तोही आईला. पारस मंचरच्या दुकानात, इकडे रविवारचा येतो, तोही झोपायला. ह्या दुकानात राहिलं कोण? मी आणि ही. गोंडा कसा ओवायचा, तो मी हिला शिकवला. पोटच्या दोघांना नाही आला. आता ही बँकेत जाईल.

चेतना : पप्पा.

दलीचंद : नाही, सांग ना. पास झालीस, लागलीस, बदली झाली मढला नाहीतर आणखी कुठे. मग?

चेतना : मग जाईन.

दलीचंद : असं तोंडावर सांगतेस?

चेतना : खोटं सांगून परवानगी घ्यायची नाहीये मला. शिकते आणि इथेच बसते असं म्हटलं तर तुम्ही आत्ता हो म्हणाल. मला माहितीये. पण मी बसणार नाही. पोळ्याच्या आधीचे दिवस येईन, रजा टाकून. गोंडे घरी नेऊन ओवीन. सिद्धीला शिकवीन. दुकान नाही सोडणार. पण फक्त दुकान नाही करणार.

भिमाजी : पोरी, जरा गोड करून सांगायचं. मी सांगितलं असतं, बँकच आपल्या दुकानाच्या माळ्यावर येनार हाय म्हणून.

चेतना : तुम्हाला जमतं, बाबा. मला नाही जमत.

दलीचंद : भिमाजी, तुमच्या हरण्याचं पुढे काय झालं? डिग्री आली, मग?

भिमाजी : मग काय. आली की पोस्टानं. जाड कागद, सोनेरी कडा. गावात मिरवला. हलगी लावली. मग एका ठिकाणी जागा निघाली म्हणून घेऊन गेलो, नवा कपडा घालून.

चेतना : बैलाला?

भिमाजी : झूल. नवी झूल घालून. सायबानं कागद बगितला. उलटा केला, सुलटा केला. वाईट बोलला नाय हां, भला मानूस. म्हणाला, बाबा, हे आमच्याकडं चालत नाय. हे कुठंच चालत नाय. बाकीचे रांगेतले बगत व्हते.

दलीचंद : मग?

भिमाजी : मग हरण्यानं मान खाली घातली. घरापत्तूर वर केली नाय. दोन दिस वैरणीला तोंड लावलं नाय. आता खातो, काम करतो, सांगाल ते वढतो. पण घरात कुणी कॉलेजचं नाव काढलं का उठून भायेर जातो. मॅडमचा फोन लागत नाय आता. तो नंबरच नाय म्हनं अस्तित्वात.

चेतना : बाबा, चहा गार झाला. दुसरा सांगू?

भिमाजी : हाच बरा हाय.

दलीचंद : चेतना, तुझ्या त्या सरकारी कॉलेजची शेवटची तारीख काय?

चेतना : ह्या आठवड्यात भरावा लागेल फॉर्म.

दलीचंद : आणि पेपर?

चेतना : पहिले पेपर मे महिन्यात, बहुतेक.

दलीचंद : मे महिन्यात एसटीनं जायचं नाही. ऊन काय म्हणतं तेव्हा. मी गाडीनं सोडीन. पेपर होईस्तोवर बाहेर बसीन, जुन्नरला आपले दोन व्यापारी आहेतच.

चेतना : पप्पा, हो म्हणताय?

दलीचंद : गाडीनं सोडीन म्हणालो. त्यात काय राहिलं?

चेतना : पारसना कोण सांगेल?

दलीचंद : तू सांग. बँकेत साहेबाशी बोलायचंय ना, नवऱ्यापासून सुरुवात कर. मी माझ्या बाजूनं एवढंच सांगेन की त्यानं आणलेला माल मी परत केला.

चेतना : आणि मम्मी?

दलीचंद : सुंदरबाईला गल्ल्यावर बसव आजपासून. बघू दे मला, खरंच माप कळतं का. भिमाजी, तुम्ही का उठलात? बसा.

भिमाजी : निगतो. आभाळ भरून आलंय. पोचलं पायजे.

दलीचंद : एवढा तुमचा हरण्या शिकला, त्याला माझ्याकडनं शेंब्यांचा एक जोड. पोळ्याला घाला. चेतना, पोतं ओढ इकडे. शिंगांचं माप सांगा.

भिमाजी : द्या की. मदल्या.

दलीचंद : मधल्या.

भिमाजी : जरा मोठ्या दिल्या तरी चालतील. वाढत्या अंगाचा हाय.

दलीचंद : नऊ वर्षं नांगर ओढलेला बैल वाढत्या अंगाचा?

भिमाजी : हरण्याचं तसंच हाय, शेठ. सांगून कुणाला खरं वाटायचं नाय.

दलीचंद : भिमाजी, बेल्ह्याच्या बाजारात तुम्ही ज्याला हरण्या विकलात, त्या पावण्यानं नवं दावं माझ्या दुकानातनं नेलं. बैल देताना घरचं दावं देत नाहीत, म्हणून जुनं हाताला गुंडाळून तुम्ही ह्याच पायरीवर बसला होतात. मी चहा दिला, तोही असाच गार केलात. त्याच महिन्यात शौर्यची ॲडमिशन झाली. तेव्हापासून पोळ्याला तुम्ही माझ्याकडनं एक गोंडा नेलेला नाही. बैल नाहीये तुमच्याकडे.

भिमाजी : मग गोठ्यात मान खाली घालून कोन बसलंय म्हणता?

दलीचंद : शौर्य बसलाय. उद्या त्याला इकडे पाठवा, फॉर्म भरायला. जुन्नरला जाताना गाडीत मागची जागा रिकामीच असते.